रणभूमीवरून अंतराळात: गेओर्गी बेरेगोवोय

राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा हे भारतीय वैमानिक १९८२ साली मॉस्कोजवळच्या तारकानगरीत अंतराळ प्रशिक्षणासाठी दाखल झाले, तेव्हा तेथील केंद्राचे प्रमुख होते गेओर्गी तिमोफेयेविच बेरेगोवोय. त्यांच्या छातीवर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ या किताबाचे दोन सुवर्णतारे होते. पहिला महायुद्धासाठी आणि दुसरा अंतराळयात्रेसाठी मिळालेले ते एकमेव.

१५ एप्रिल १९२१ रोजी युक्रेनमधील पोल्तावा प्रांतात त्यांचा जन्म झाला. बालपण दोनबासच्या पोलाद कारखान्यांच्या परिसरात गेले. १९४१ मध्ये वैमानिकाचे शिक्षण संपले, त्याच वर्षी जर्मन आक्रमण झाले.

त्यांच्या वाट्याला आले ते इल्यूशिन-२ हे भूहल्ला विमान. त्याचे काम रणगाड्यांवर, तोफांवर आणि रसदीच्या ताफ्यांवर झेपावण्याचे. झाडांच्या शेंड्यांइतके खाली उतरून. इंजिन आणि वैमानिक यांच्याभोवती पोलादी कवच असे, कारण खालून बंदुकीपासून विमानवेधी तोफेपर्यंत सारे काही त्याच्यावर रोखलेले असे. अशी ३६ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली आणि त्यांतील असंख्य नष्टही झाली. बेरेगोवोय यांनी सुमारे १८५ मोहिमा केल्या. तीन वेळा त्यांचे विमान पाडले गेले, तिन्ही वेळा ते वाचले. २६ ऑक्टोबर १९४४ रोजी पहिला सुवर्णतारा मिळाला.

युद्धानंतर ते चाचणी वैमानिक झाले. १९६४ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, अंतराळवीरांच्या पथकात त्यांची निवड झाली. त्या पथकातील बहुतेक जण त्यांच्याहून कितीतरी तरुण होते.

एप्रिल १९६७ मध्ये ‘सोयुझ-१’च्या अपघातात व्लादिमीर कोमारोव मृत्युमुखी पडले होते. त्यानंतर त्याच जातीच्या यानातून जाणारा पहिला माणूस म्हणजे बेरेगोवोय. २६ ऑक्टोबर १९६८ रोजी, पहिल्या ताऱ्याला बरोबर चोवीस वर्षे होत असताना, ‘सोयुझ-३’ने उड्डाण केले. आदल्या दिवशी सोडलेल्या मानवरहित ‘सोयुझ-२’शी ते जोडायचे होते. पहिल्याच प्रदक्षिणेत, पृथ्वीच्या अंधाऱ्या बाजूला, जमिनीवरील केंद्राशी संपर्क नसताना हे काम आले. त्यांचे यान दुसऱ्याच्या तुलनेत उलटे होते, हे त्यांच्या लक्षात आले नाही. स्वयंचलित यंत्रणा जवळ येऊ देईना, हाताने प्रयत्न करताना इंधन संपत आले आणि जोडणी सोडून द्यावी लागली. सारा दोष त्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. शरीर भाररहित अवस्थेला सरावण्याआधीच इतके नाजूक काम नेमून देणे ही योजनेतील चूक होती. यान ३० ऑक्टोबरला सुखरूप परतले आणि त्यामुळे ‘सोयुझ’वरील विश्वास परत आला. दुसरा तारा मिळाला.

२२ जानेवारी १९६९ रोजी क्रेमलिनच्या दारात ब्रेझ्नेव यांना मारण्यासाठी आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने चुकून अंतराळवीरांच्याच मोटारीवर गोळ्या झाडल्या. चालक मरण पावला. आत बसलेल्या बेरेगोवोय यांच्या चेहऱ्याला काचा लागल्या.

ते पुन्हा अंतराळात गेले नाहीत. १९७२ ते १९८७ अशी पंधरा वर्षे त्यांनी प्रशिक्षण केंद्र सांभाळले. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात झेपावले, तेही याच केंद्रात तयार होऊन. ३० जून १९९५ रोजी हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी बेरेगोवोय यांचे निधन झाले. मॉस्कोतील नोवोदेविची स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.