बाराव्या वर्षी पाटी हाती घेतलेला राजा

श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांच्या चरित्रातील एक गोष्ट मला त्यांच्या साऱ्या वैभवाहून मोठी वाटते. १८७५ साली ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेले काशीराव गायकवाडांचे हे चिरंजीव गोपाळराव. मल्हारराव पदच्युत झाले, खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेबांनी या मुलास दत्तक घेतले आणि शेतात वाढलेल्या हाती बाराव्या वर्षी पाटी आली. इलियटसाहेब शिक्षक नेमले गेले. दिवाण सर टी. माधवराव यांच्याकडून राज्यकारभाराचे धडे मिळाले आणि १८८१ च्या डिसेंबरात राज्याची पूर्ण सूत्रे हाती आली. लिहिता-वाचता न येणे म्हणजे काय, हे त्यांना कोणाच्या अहवालातून समजून घ्यावे लागले नाही.

पुढे त्यांनी जे केले, ते गवयाच्या रियाजासारखे, थोड्यापासून वाढवीत नेलेले होते. एका फर्मानाने सारे राज्य साक्षर करण्याची घाई त्यांनी केली नाही. १८९३ साली काठेवाडातील अमरेली गाव व आजूबाजूची काही खेडी एवढ्यातच सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. तेरा वर्षे अनुभव घेतल्यावर १९०६ साली कायदा झाला आणि मुले व मुली दोघांनाही सक्ती साऱ्या राज्यास लागू झाली. नामदार गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांना बडोद्याचा दाखला देता आला. ते विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश मुलुखात जे जमेना, ते एका देशी संस्थानात चालू होते.

हे काम गोड नव्हते. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. ज्याच्या घरी मुलाच्या हाताची मजुरीही मोलाची, त्याला शाळा मोफत असली तरी महागच पडे, आणि वर दंड. सक्तीचा हा काटा कोणाच्या पायात रुतला, हे महाराजांचे गुणगान करताना विसरू नये. अंत्यजांच्या मुलांसाठी त्यांनी १८८० नंतरच्या काळातच वेगळ्या शाळा काढल्या. त्या शाळांवर शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. भीमराव आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली ती याच राज्याने. पण तेच विद्वान १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. राजाने शाळेचे दार उघडले, गावाने घराचे उघडले नाही.

आमच्या घराची गोष्टही याच धोरणाशी बांधलेली आहे. माझे वडील दरबारी गवई. दरबारच्या कलावंतांत विद्या बापाकडून मुलाकडे जाई. बाहेरच्याने ती मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे सेवा करावी. महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हातून गायनशाळा सुरू करविली. तेथे सर्वसामान्य मुलांना स्वरलिपीच्या आधारे, वर्ग मांडून गाणे शिकविले जाऊ लागले. वडिलांना हे कधी रुचले नाही. फळ्यावर लिहिलेला राग हा राग नव्हे, असे त्यांचे मत शेवटपर्यंत राहिले, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मी आज पोट भरतो ते त्याच फळ्यावर. माझ्या वर्गात रिक्षावाल्याची मुलगी षड्ज लावते, तेव्हा वडिलांच्या मताचा मान राखूनही मी महाराजांच्या बाजूस जातो.

शाळा सुटल्यावर शिकलेले विसरू नये म्हणून त्यांनी अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना १९१० साली बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था लावली. पुस्तकांच्या पेट्या खेड्याखेड्यांतून फिरू लागल्या. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. गायनशाळाही पुढे त्याच विद्यापीठात सामावली.

साऱ्या देशातील मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, म्हणजे बडोद्याच्या कायद्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तरीही कापणीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत हजेरीपत्रकात काही नावांपुढे सलग फुल्या पडतात, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. अमरेलीच्या मास्तरांनाही हेच दिसले असेल. महाराजांची आठवण ठेवावयाची तर पुतळ्यास हार घालून भागणार नाही. ती फुली ज्या मुलाची, त्याच्या घरी एकदा जाऊन यावे.