जॉर्ज हेन्री कॉर्लिस

जॉर्ज हेन्री कॉर्लिस (२ जून १८१७ – २१ फेब्रुवारी १८८८) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. वाफेच्या इंजिनासाठी त्यांनी विकसित केलेली झडपांची रचना ‘कॉर्लिस झडप’ या नावाने ओळखली जाते. या रचनेमुळे कोळशाची मोठी बचत झाली आणि इंजिनाची गती स्थिर राहू लागली. जेम्स वॉट यांच्यानंतर स्थिर वाफेच्या इंजिनात झालेल्या सुधारणांमध्ये तिचे स्थान फार वरचे आहे. कापडगिरण्यांच्या इतिहासात कॉर्लिस यांचे नाव आजही घेतले जाते. इंग्लंड व अमेरिकेत जतन केलेल्या अनेक गिरणी-इंजिनांवर त्यांचीच झडपयोजना चालताना दिसते.

प्रारंभिक जीवन

कॉर्लिस यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ईस्टन या गावी झाला. वडील हायरम कॉर्लिस हे वैद्यक व्यवसायी होते आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुरस्कर्ते म्हणून परिसरात परिचित होते. १८२५ मध्ये हे कुटुंब जवळच्या ग्रीनिच गावी स्थायिक झाले. शालेय शिक्षणानंतर जॉर्ज यांनी काही वर्षे एका कापडगिरणीच्या दुकानात कारकुनी केली, मग व्हरमाँटमधील कॅसलटन येथे पुढील शिक्षण घेतले आणि १८३८ मध्ये गावात स्वतःचे किराणा-कापडाचे दुकान थाटले. अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही.

त्यांना यंत्रांकडे वळवले ते गिऱ्हाइकांच्या तक्रारींनी. दुकानात विकलेल्या बुटांची शिवण उसवते, असे लोक वारंवार सांगत. यावर उपाय म्हणून कॉर्लिस यांनी जाड चामडे शिवणारे यंत्र तयार केले आणि १८४३ मध्ये त्याचे एकस्व मिळवले. एलियस हाउ यांच्या प्रसिद्ध शिवणयंत्राचे एकस्व यानंतर तीन वर्षांनी, १८४६ मध्ये नोंदले गेले. कॉर्लिस याच वाटेने पुढे गेले असते तर त्यांचे नाव कदाचित शिंप्यांच्या तोंडी राहिले असते. पण यंत्राला भांडवल व कारागीर मिळावेत म्हणून ते १८४४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे गेले, तेथील एका यंत्रशाळेत आराखडे काढण्याचे काम त्यांना मिळाले आणि शिवणयंत्र मागे पडले.

इंजिनातील सुधारणा

त्या काळच्या सर्वसाधारण इंजिनात एकच सरकती झडप असे. ताजी, तप्त वाफ सिलिंडरात नेण्याचे व काम करून थंडावलेली वाफ बाहेर सोडण्याचे काम एकाच मार्गाने होई. तो मार्ग आळीपाळीने तापे व थंड होई आणि प्रत्येक फेऱ्यात उष्णता वाया जाई. इंजिनाचा वेग आवरण्याची पद्धतही खर्चिक होती. वेग वाढला की गतिनियंत्रक मुख्य नळातील झडप आकुंचित करून वाफेचा दाबच कमी करी. बॉयलरमध्ये कोळसा जाळून दाब निर्माण करायचा आणि सिलिंडरापाशी येताच तो मारून टाकायचा, असा हा व्यवहार होता.

कॉर्लिस यांनी सिलिंडराच्या प्रत्येक टोकाला दोन, अशा एकूण चार झडपा बसवल्या. वाफ आत घेणाऱ्या झडपा वेगळ्या व बाहेर सोडणाऱ्या वेगळ्या. या झडपा आपल्या अक्षाभोवती थोड्या पुढेमागे फिरतात आणि एका डोलणाऱ्या तबकडीला जोडलेल्या दांड्यांनी चालतात. आत घेणाऱ्या झडपेच्या दांडीला खटका असतो. खटका सुटला की झडप झटकन मिटते. तो केव्हा सुटावा हे गतिनियंत्रक ठरवतो. भार जास्त असेल तर वाफ अधिक वेळ आत येते. भार कमी झाला की खटका लवकर सुटतो आणि आत आलेली थोडी वाफ प्रसरण पावून दट्ट्याला उरलेला पल्ला ढकलते. बॉयलरचा पूर्ण दाब सिलिंडरापर्यंत पोहोचतो. कमीजास्त होते ते फक्त वाफेचे माप. १० मार्च १८४९ रोजी या सुधारणांचे एकस्व त्यांना मिळाले.

सूतगिरणीत या रचनेचा लाभ कोळशापुरता नव्हता. शेकडो चात्या एकाच इंजिनावर फिरत असताना वेग किंचित वाढला तरी धागे तुटतात आणि मंदावला तर उत्पादन घटते. काही यंत्रे एकदम बंद केली तरी कॉर्लिस इंजिनाची गती जवळपास कायम राहत असे. गिरणीमालकांना याचे मोल कोळशाइतकेच वाटले असावे.

व्यवसाय आणि एकस्वाचे खटले

भागीदारीत सुरू झालेल्या व्यवसायाचे १८५६ मध्ये ‘कॉर्लिस स्टीम इंजिन कंपनी’त रूपांतर झाले. आरंभी इंजिन विकणे सोपे नव्हते, कारण किंमत अधिक होती. तेव्हा कॉर्लिस यांनी बोल्टन व वॉट यांच्या जुन्या पद्धतीसारखी अट पुढे केली. गिऱ्हाइकाने रोख किंमत द्यावी किंवा वाचलेल्या कोळशाच्या हिशेबाने पैसे द्यावेत. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट येथील एका गिरणीला १०,५०० डॉलर रोख किंवा वर्षभरात वाचणाऱ्या कोळशाच्या किमतीची पाचपट, असा पर्याय दिला गेला. मालकांनी दुसरा पर्याय निवडला आणि त्यांना १९,००० डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. कॉर्लिस यांच्या इंजिनाची याहून चांगली जाहिरात होऊ शकली नसती.

यशाबरोबर नक्कल आली व नकलेबरोबर खटले. कॉर्लिस यांनी एकस्वाच्या रक्षणासाठी अनेक वर्षे न्यायालयात झुंज दिली आणि त्यावर प्रचंड पैसा खर्च केला. प्रतिपक्षाचे म्हणणे निराधार नव्हते. खटक्याने सुटणारी झडप फ्रेडरिक सिकल्स यांनी १८४२ मध्येच नोंदवली होती, तर गतिनियंत्रकाकडून वाफ तोडण्याची कल्पना खुद्द प्रॉव्हिडन्सचे झकरिया ॲलन यांनी १८३४ मध्ये मांडली होती. मात्र हे सुटे धागे एकत्र गुंफून रोज चौदा तास बिनतक्रार चालणारे इंजिन उभे करणे ही वेगळी गोष्ट होती, आणि ती कॉर्लिस यांनी केली. एकस्वाची मुदत वाढवून मिळाली व ते १८७० मध्ये संपले. त्यानंतर अमेरिका व युरोपातील कित्येक कारखान्यांनी ही रचना खुलेपणाने स्वीकारली. इंग्लंडमध्ये बोल्टनच्या हिक हारग्रीव्ह्ज या कारखान्याने ती १८६० च्या दशकातच आणली होती.

यादवी युद्धाच्या काळात ‘मॉनिटर’ या चिलखती जहाजाच्या फिरत्या तोफबुरुजासाठी लागणारे मोठे कडे कॉर्लिस यांच्या कारखान्यात तयार झाले.

फिलाडेल्फियाचे महाइंजिन

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात (१८७६, फिलाडेल्फिया) यंत्रदालनातील सर्व यंत्रे चालवण्यासाठी कॉर्लिस यांनी स्वखर्चाने एक प्रचंड जोड-इंजिन उभारले. त्याची उंची सु. ४५ फूट, शक्ती सु. १,४०० अश्वशक्ती आणि दट्ट्याचा पल्ला १० फूट होता. प्रचक्राचा व्यास ३० फूट व वजन ५६ टन होते. १० मे १८७६ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट आणि ब्राझीलचे सम्राट दुसरे पेद्रू यांनी ते सुरू केले. बॉयलर वेगळ्या इमारतीत असल्याने दालनात धूर नव्हता व गोंगाटही फारसा नव्हता. एवढे अवाढव्य यंत्र सांभाळायला एकच माणूस पुरे, तोही अधूनमधून वर्तमानपत्र वाचत बसलेला, याचे प्रेक्षकांना विशेष नवल वाटे.

प्रदर्शनानंतर इंजिन सुटे करून प्रॉव्हिडन्सला परत आणण्यात आले. १८८० मध्ये जॉर्ज पुलमन यांनी शिकागोजवळच्या आपल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यासाठी ते विकत घेतले. ते नेण्यास ३५ मालडबे लागले. सुमारे तीस वर्षे चालल्यावर १९१० मध्ये ते भंगारात गेले. लाखो लोकांनी पाहिलेल्या या यंत्राचे जतन करण्याचा विचार तेव्हा झाला नाही, ही खेदाची बाब आहे.

सन्मान व अखेर

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात कॉर्लिस यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १८७० मध्ये अमेरिकन कला व विज्ञान अकादमीने त्यांना रमफर्ड पदक दिले. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्यांनी एकही यंत्र पाठवले नव्हते, तरीही इतरांनी मांडलेली इंजिने त्यांच्याच तत्त्वावर बेतलेली असल्याने त्यांना सन्मानपत्र देण्यात आले. ते ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाचे सदस्य होते. त्यांचे निधन प्रॉव्हिडन्स येथे झाले.

जतन झालेली इंजिने

महाइंजिन नष्ट झाले, पण झडपयोजना टिकली. लँकेशायरमधील गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडू लागल्या, तेव्हा त्यांची इंजिने तोडून विकली जाऊ लागली. ती वाचवण्यासाठी काही हौशी मंडळींनी १९६६ मध्ये ‘नॉर्दर्न मिल इंजिन सोसायटी’ स्थापन केली. तिचा संग्रह बोल्टन येथे आहे. बार्नोल्ड्सविक येथील बँक्रॉफ्ट गिरणी १९७८ मध्ये बंद झाली आणि तिचे १९२० चे इंजिन स्वयंसेवक चालवतात. रॉचडेलजवळच्या एलनरोड गिरणीची इमारत १९८५ मध्ये पाडली गेली, परंतु इंजिनघर, बॉयलर व धुराडे राखण्यात आले. तेथील ‘व्हिक्टोरिया’ व ‘अलेक्झांड्रा’ ही जोड-इंजिने मिळून सु. ३,००० अश्वशक्तीची आहेत. त्यांच्या ८० टनी प्रचक्रावर चाळीसहून अधिक खाचा असून त्यांतून सुती दोर गिरणीच्या मजल्यामजल्यावर जात.

मुंबईच्या गिरण्यांची यंत्रसामग्री मुख्यत्वे लँकेशायरहूनच येई. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज गिरणगावात पोहोचली आणि तेथील वाफेची इंजिने क्रमाने निवृत्त होत गेली. गिरणगावातील उंच धुराडी मात्र पुढे कित्येक दशके उभी होती.

जतन केलेले इंजिन पाहताना जाणकारांचे लक्ष प्रचक्राइतकेच खटक्याकडे असते. सुरू करण्यापूर्वी सिलिंडर हळूहळू तापवावे लागतात व साचलेले पाणी काढावे लागते. घाई झाल्यास पाण्यामुळे सिलिंडर फुटू शकतो. आता या इंजिनांवर माग वा चात्या नाहीत. भार नसल्यामुळे गतिनियंत्रक वर चढतो, दट्ट्या जेमतेम हलतो तोच खटका सुटतो आणि झडप मिटते. चिमूटभर वाफेवर ऐंशी टनांचे चक्र संथपणे फिरत राहते व ठरावीक अंतराने खटक्याचा बारीक, कोरडा आवाज ऐकू येतो.