मौलाबक्ष : गाण्याला शाळेचे दार उघडून देणारे उस्ताद

दिल्याने विद्या वाढते, हे वाक्य आपण मुलांकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतो आणि वर्गाच्या भिंतीवर लावतो. पण ज्यांची रोजीरोटीच विद्येवर चालते, त्यांना ती सर्वांच्या हाती देणे किती अवघड जात असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानी संगीताची विद्या अशीच मोजक्या घराण्यांच्या ताब्यात होती. बाप मुलाला शिकवी, फार तर जावयाला किंवा भाच्याला. बाहेरच्या मुलाने वर्षानुवर्षे सेवा केली तरी दोन-चार चिजा पदरात पडतील की नाही, याची शाश्वती नसे. लिहून ठेवण्याची रीत नव्हती. उस्तादाचा जनाजा उठला की त्याच्याबरोबर कित्येक चिजाही मातीत जात. अशा काळात एका उस्तादाने आपली विद्या फळ्यावर लिहिली, पुस्तकांत छापली आणि शाळेत बसलेल्या सामान्य घरांतील मुलांपुढे ठेवली. बडोद्याचे प्रोफेसर मौलाबक्ष ते हेच.

मौलाबक्ष यांचा जन्म १८३३ साली उत्तर हिंदुस्थानात, दिल्लीच्या पश्चिमेस असलेल्या भिवानी भागात झाला. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपले आणि नातेवाइकांनी त्यांना वाढवले. मूळ नाव चोलेखान. पोरवयात त्यांना कसरतीचा व कुस्तीचा नाद होता. पुढे एका चिश्ती फकिराची गाठ पडली, मुलाचा गळा ऐकून तो प्रसन्न झाला आणि त्याने त्यांना मौलाबक्ष हे नाव दिले, अशी हकीकत त्यांच्या घराण्यात सांगितली जाते. नाव कसेही मिळालेले असो, कुस्तीच्या आखाड्यातील हा मुलगा गाण्याकडे वळला हे खरे.

पण शिकायचे कोणापाशी? घसीटखाँ नावाचे एक नामांकित उस्ताद होते. ते बाहेरच्या कोणालाही शिकवीत नसत. घराण्यातील आठवणींप्रमाणे मौलाबक्ष यांनी त्यांच्या दरवानाशी मैत्री जोडली आणि रात्रीच्या वेळी दाराबाहेर बसून आतील रियाज ऐकला. जे ऐकले ते घरी येऊन घोटायचे, असा त्यांचा नेम झाला. एके दिवशी उस्ताद रस्त्याने जात असता त्यांना एका घरातून आपलीच गायकी ऐकू आली. आत जाऊन त्यांनी चौकशी केली तेव्हा या तरुणाला खरे सांगावे लागले. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी त्याला शागीर्द करून घेतले. पुढे मौलाबक्ष यांच्या नावामागे याच गुरूचे नाव लागलेले दिसते.

दाराबाहेर बसून विद्या मिळवावी लागलेला माणूस मोठेपणी दोन प्रकारे वागू शकतो. इतके कष्ट सोसून मिळवलेले धन मी कोणाला का द्यावे, असे तो म्हणू शकतो. किंवा माझ्यावर आलेली वेळ दुसऱ्या मुलावर येऊ नये, असे म्हणू शकतो. मौलाबक्ष यांनी दुसरा मार्ग पत्करला, आणि त्यांच्या चरित्राचे सारे महत्त्व यातच आहे.

तरुणपणी त्यांनी फार मोठी मुशाफिरी केली. उत्तरेचे उस्ताद सहसा दक्षिणेचे संगीत शिकण्याच्या भानगडीत पडत नसत. मौलाबक्ष मात्र म्हैसूरकडे गेले आणि तेथील जाणकारांपाशी बसून कर्नाटक संगीत शिकले. म्हैसूर दरबारात त्यांचा मोठा सन्मान झाला. त्यांची पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातील होती, असे त्यांच्या घराण्यात परंपरेने मानले जाते.

दक्षिणेत एक गोष्ट लक्षात येण्यासारखी होती. तेथे नवख्या मुलाला एकदम राग देत नाहीत. आधी स्वरांचे सरळ पाठ, मग दुहेरी पाठ, मग तालात बांधलेले अलंकार, मग सोपी गीते, अशा ठरलेल्या पायऱ्या असतात. पहिलीतील मुलाला आपण बाराखडी, मग शब्द, मग वाक्य शिकवतो, त्यातलाच हा प्रकार. मौलाबक्ष यांनी पुढे क्रमाक्रमाने शिकवण्याचा जो आग्रह धरला, त्यात या अनुभवाचा वाटा असावा.

१८७० नंतरच्या काळात ते कलकत्त्यासही गेले. तेथे सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७१ साली संगीताची शाळा काढली होती आणि गाणे कागदावर कसे उतरवावे यावर विद्वानांत वाद चालू होते. युरोपियनांची पाच रेघांची लिपी घ्यावी की आपली स्वतंत्र लिपी तयार करावी, हा त्यातला मुख्य प्रश्न होता. मौलाबक्ष यांचा कौल आपल्या लिपीच्या बाजूने पडला. सा, रे, ग, म ही अक्षरे मुलांना ठाऊकच असतात. तीच ओळीने मांडायची, आणि सप्तक, मात्रा व ताल दाखवण्यासाठी त्यांना खुणा जोडायच्या, असा त्यांचा विचार होता. या पायावर त्यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धती सिद्ध केली.

आता विचार उत्तम असला तरी त्याला आसरा लागतो. तो बडोद्यात मिळाला. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे गावच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड यांनी १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार हाती घेतला. पुढे १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे हेच महाराज. शाळा म्हटली की त्यांना उत्साह येई. गाणे ही दरबाराची करमणूक न राहता रीतसर शिकण्याची विद्या व्हावी, ही मौलाबक्ष यांची इच्छा आणि महाराजांचे धोरण यांचा मेळ बसला. फेब्रुवारी १८८६ मध्ये बडोद्यास सरकारी गायनशाळा सुरू झाली आणि तिची सूत्रे मौलाबक्ष यांच्याकडे आली.

या सालाचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ साली. पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले ते १९२६ साली. या दोघांचे ऋण थोर आहे. पण बडोद्याची गायनशाळा पलुसकरांच्या संस्थेच्या पंधरा वर्षे आधीची आहे.

उस्तादापुढे गुडघे टेकून बसलेला एकटा शागीर्द आणि वर्गात बसलेली तीस-चाळीस मुले, यांत फार फरक आहे. शागिर्दाला उस्ताद शंभर वेळा गाऊन दाखवतो. वर्गात ते शक्य नसते. तेथे फळा लागतो, पुस्तक लागते, धडे लागतात. म्हणून मौलाबक्ष यांनी पुस्तके लिहिली. संगीतानुभव, बालसंगीतमाला, छंदोमंजरी ही त्यांतील काही. ती त्यांनी फारसीत काढली नाहीत. बडोद्यातील मुलांना वाचता येईल अशा भाषेत आणि लिपीत काढली. गुजराती भक्तिकाव्यालाही त्यांनी स्वरलिपीत बसवले. एका मुसलमान उस्तादाने हिंदू संतकवींच्या रचना शाळकरी मुलांसाठी स्वरांसह छापल्या, हेही आजच्या पिढीने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यांच्या घरालाच शाळेचे रूप आले होते. थोरले चिरंजीव मुर्तजाखाँ त्यांच्या पश्चात हे कार्य चालवीत राहिले. धाकटे चिरंजीव अल्लाउद्दीनखाँ पठाण (मैहरचे प्रसिद्ध उस्ताद ते वेगळे) लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आले. मुलीचा मुलगा इनायतखाँ याचा जन्म १८८२ साली याच घरात झाला. नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने दरबारात गणेशाची संस्कृत स्तुती गाऊन महाराजांकडून कंठी व शिष्यवृत्ती मिळवली होती. तोच पुढे याच गायनशाळेत शिक्षक झाला आणि १९१० मध्ये परदेशी जाऊन सूफी विचारांचा प्रसारक म्हणून जगभर ओळखला गेला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये गुप्त बिनतारी यंत्रावर काम करताना पकडली जाऊन १९४४ साली नाझींच्या छळछावणीत प्राणास मुकलेली नूर इनायतखान ही त्याचीच कन्या.

मौलाबक्ष १८९६ साली अल्लाला प्यारे झाले. त्यांच्यामागे गायनशाळा टिकली, वाढली आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली. आज बडोद्यात सूरसागर तलावासमोर जी संगीत-नृत्य-नाट्य शिक्षणाची संस्था आहे, तिचे मूळ १८८६ च्या त्या शाळेत आहे. त्यांची स्वरलिपी मात्र मागे पडली. भातखंडे यांची पद्धती अधिक सोयीची ठरून सर्वत्र रुजली आणि मौलाबक्ष हे नाव पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ पुसले गेले.

हे नाव पुन्हा सांगण्याचे कारण आहे. मुसलमान उस्तादांनी विद्या दडवून ठेवली, असा ठपका पुष्कळदा ठेवला जातो. त्यात काहीच तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. मौलाबक्ष यांना स्वतःलाच दाराबाहेर बसावे लागले होते. पण ते दार आतून उघडणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक मुसलमान उस्तादच होता, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. कोणी आपल्याविषयी अर्धे सांगत असेल तर रागावण्यापेक्षा उरलेले अर्धे अभ्यासपूर्वक सांगावे, हे अधिक शोभते.

विद्यार्थी मित्रांनो, स्वर लिहिता येण्याने काय साधते ते करून पाहा. वहीत सोळा चौकोन काढा. चार-चारांचे चार गट करा. हा तीनताल झाला. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या, नवव्या मात्रेवर हात रिकामा सोडा. आता सा, रे, ग, प, ध हे भूप रागाचे पाच स्वर घ्या आणि तुमच्या मनाप्रमाणे चौकोनांत भरा. मग ते गाऊन बघा. एखादी ओळ रुचणार नाही. ती खोडा आणि बदला. तुम्ही गाणे नुसते पाठ न करता रचू लागलात. निबंध लिहून, खोडून, पुन्हा लिहून जसा सुधारतो, तशीच चाल सुधारते. कागदावर मींड उतरत नाही, स्वराचा दर्द उतरत नाही. त्यासाठी कान आणि गुरू लागतातच. पण सुरुवात करण्यासाठी पेन्सिल पुरते.

मौलाबक्ष यांच्यापाशी ध्वनिमुद्रणाचे साधन नव्हते. हिंदुस्थानातील गायकांच्या तबकड्या निघू लागल्या त्या १९०२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. आज घरोघरी मोबाइल आहे. त्यात आवाज मुद्रित करता येतो, तानपुरा लावता येतो, ताल धरता येतो, एकावर एक आवाज बसवता येतात. मौलाबक्ष यांना जी साधने स्वप्नातही मिळाली नसती, ती आपल्या मुलांच्या खिशात आहेत आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्यांचे ऐकण्यासाठीच वापरली जातात. शाळेत आठवड्यातून एक तास या साधनांवर स्वतःची चाल बांधायला शिकवले, तर गणितातील मात्रा, भाषेतील वृत्त आणि विज्ञानातील ध्वनी हे तिन्ही विषय एका वेळी मुलाच्या हाताला लागतील.

पालक बंधू-भगिनींनो, संगीताविषयी आपल्या समाजात पूर्वीपासून मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार माझ्यासारख्या शिक्षकाला नाही. ज्याने त्याने आपल्या विवेकाला स्मरून ठरवावे. परंतु एका गोष्टीविषयी मतभेद नसावा. मूल ज्या विद्येकडे ओढ घेते, ती त्याला उजळ माथ्याने, वर्गात बसून, पुस्तक हाती घेऊन शिकता आली पाहिजे. कोणाच्या दाराबाहेर रात्री अंधारात बसून ती चोरण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. मौलाबक्ष यांनी आयुष्यभर एवढ्यासाठीच खटपट केली. अल्लाह त्यांच्या कष्टांचे चीज करो.