सालिम अली : खोप्यापासून गवतापर्यंत

पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या आसपास ओढ्याकाठच्या झाडांवर सुगरण पक्ष्याचे खोपे लोंबताना दिसतात. बहिणाबाईंच्या कवितेने हा खोपा घराघरांत पोहोचवला. प्रत्यक्षात तो विणतो नर, आणि त्याच्या संसाराची खरी रीत उलगडली ती १९३० साली, अलिबागजवळच्या किहीम गावी.

तेथे आडोशाला बसून तासन् तास टिपणे घेणारा गृहस्थ तेव्हा बेकार होता. सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि तिची ओळख विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. पुढे ब्रह्मदेशात व्यवसाय झाला, तो फसला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचे धडे घेऊन ते परतले, तोवर ती जागाच रद्द झाली होती. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र विभागाचे दारही बंद होते.

पत्नी तेहमिना यांच्या किहीमच्या घरी राहताना त्यांनी सुगरणीची वसाहत न्याहाळली. नर अर्धाच खोपा विणतो. मादी येऊन तो पारखते. पसंत पडला तर नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. मेलेल्या पक्ष्यांची कातडी मोजण्याचा तो काळ. त्यात जिवंत पक्ष्याचे वर्तन हाच अभ्यासविषय मानणे नवे होते. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. त्यानंतर काम हेच त्यांचे घर झाले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला.

मात्र पक्षी हा सुटा विषय नाही, हे त्यांना रोगाने शिकविले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसेही. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो रशियातील एका विषाणूचा भाऊबंद निघाला. मग उत्तरेकडून येणारे पक्षी गोचिडींमार्फत तो आणतात की काय, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. डॉक्टर, विषाणुतज्ज्ञ आणि पक्षिनिरीक्षक एकाच प्रश्नाभोवती जमले. पक्ष्यांवरचा आरोप टिकला नाही. पण स्थलांतराच्या वाटांची मोलाची माहिती हाती आली.

खरी कसोटी भरतपूरला लागली. राजेरजवाड्यांच्या बदकांच्या शिकारीचे हे पाणथळ वाचविण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खटपट केली होती. तेथील म्हशींची चराई थांबावी, असेच त्यांचे मत होते. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद झाली. गावकरी खवळले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे मेली. दरम्यान सोसायटीचे संशोधक १९८० पासून तेथे पाणी, वनस्पती, मासे, पक्षी या साऱ्यांची एकत्र नोंद ठेवीत होते. त्या नोंदींतून भलतेच चित्र उभे राहिले. म्हशी गेल्या तसे पाण्यातले गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. पक्ष्यांच्या शत्रू म्हणून हाकललेल्या म्हशीच त्यांचे तळे साफ राखीत होत्या. धोरण आधी ठरले आणि मोजमाप मागाहून झाले, त्याची ही किंमत. आणि ती गावकऱ्यांनी मोजली.

२० जून १९८७ रोजी मुंबईत सालिम अली यांचे निधन झाले. अहवाल त्यानंतर, १९९१ मध्ये पूर्ण झाला. त्यांच्या मताला छेद देणारे हे संशोधन त्यांच्याच सोसायटीने केले. त्याचे नेतृत्व करणारे विजयन हे कोइमतूरला १९९० मध्ये सालिम अली यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले.