आगीला वेसण घालणारा फ्रँक व्हिटल

लोहाराचे काम तुम्ही पाहिले असेल. भात्याने वारा घातला की भट्टीतील निखारे फुलतात. त्यांत खुपसलेली लोखंडी पट्टी प्रथम काळसर तांबडी व मग लालभडक होते. थंड असताना जी पट्टी वाकता वाकत नव्हती, तीच आता हातोड्याच्या चार घावांनी विळ्याचा आकार घेते. तापलेले लोखंड मऊ पडते, म्हणूनच लोहाराचा धंदा चालतो. परंतु असे एखादे यंत्र कल्पा, की ज्यातील एक चाक सदैव भट्टीच्या तोंडाशी फिरावयाचे आहे, सेकंदाला शेकडो फेरे घ्यावयाचे आहेत, आणि तरीही त्याने मऊ पडता कामा नये. विमानाच्या जेट इंजिनात असे चाक असते. ते टिकणार नाही असे एके काळी मोठमोठ्या जाणत्या माणसांचे मत होते. ते चाक फिरवून दाखविण्यात ज्याच्या तारुण्याची सारी उमेद खर्ची पडली, त्या फ्रँक व्हिटलची ही हकीकत आहे.

फ्रँकचा जन्म १ जून १९०७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या शहरी झाला. वडील मोझेस व्हिटल हे कुशल कारागीर होते. फ्रँक नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब लेमिंग्टन स्पा या गावी राहावयास गेले. तेथे वडिलांनी इंजिनाच्या झडपा व कडी बनविणारा एक लहानसा कारखाना विकत घेतला. शाळा सुटली की फ्रँक कारखान्यात जाई आणि यंत्रावर बसून झडपांचे काम करी. शिष्यवृत्ती मिळवून तो माध्यमिक शाळेत गेला खरा. पण शाळेतील नेमलेल्या अभ्यासापेक्षा गावच्या ग्रंथालयातील पुस्तकांत त्याचे मन अधिक रमे. वाफेची व तेलाची यंत्रे, विमाने आणि उड्डाणाचे शास्त्र यांविषयी हाती लागेल ते तो वाचून काढी.

१९२३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो विमानदलात उमेदवार म्हणून भरती होण्यास गेला. लेखी परीक्षा तो उतरला; परंतु त्याची उंची जेमतेम पाच फूट होती आणि छातीही अरुंद. डॉक्टरांनी त्याला परत पाठविले. फ्रँकने तेथील व्यायामशिक्षकाकडून आहार व व्यायाम यांची माहिती करून घेतली आणि सहा महिने नेमाने मेहनत केली. उंची व छाती तीन तीन इंचांनी वाढली. तथापि, एकदा नाकारलेल्यास पुन्हा घेत नाहीत, असा नियम त्याच्या आड आला! तेव्हा त्याने आधीच्या नकाराचा उल्लेखही न करता, जणू आपण प्रथमच येत आहो अशा रीतीने, नव्याने अर्ज केला. त्यासाठी त्याने नावही बदलून दिले असे सांगतात. ही युक्ती अनुकरणीय म्हणता येणार नाही. पण ती साधली आणि तो क्रॅनवेल येथील तंत्रशाळेत दाखल झाला.

तीन वर्षांनी निवडक उमेदवारांना अधिकारी होण्याचे शिक्षण मिळे. त्यांत फ्रँकची निवड झाली व तो वैमानिक झाला. १९२८ साली शेवटच्या परीक्षेसाठी त्याला एक निबंध लिहावयाचा होता. एकवीस वर्षांच्या या तरुणाने विषय घेतला तो विमानांच्या भवितव्याचा. त्या काळी लढाऊ विमाने ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने उडत. फ्रँकने लिहिले ते ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाविषयी. त्याचा विचार साधा होता. आपण जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होते व तिचा अडथळा कमी होतो; म्हणून फार वेगाने जावयाचे तर फार उंचावरून गेले पाहिजे. पण त्या विरळ हवेत विमानाच्या पुढील पंख्यास पकड मिळत नाही आणि पेट्रोलच्या इंजिनाचाही दम तुटतो. तेथे निराळेच इंजिन हवे. ते कोणते, याचे उत्तर त्याला पुढील वर्षी सुचले.

त्या उत्तराची रचना सांगावयास अगदी सोपी आहे. इंजिनाच्या पुढील भागातील वेगवान पंखा हवा आत ओढून दाबतो. दाबलेली हवा ज्वलनकक्षात जाते व तेथे तेलाबरोबर जळते. तापून फुगलेले वायू मागे धाव घेतात. वाटेत त्यांना पात्यांचे एक चाक लागते. त्यास टर्बाइन म्हणतात. वाऱ्याने भिरभिरे फिरावे तसे हे चाक फिरते आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या पुढील पंख्यास फिरविते. उरलेला झोत मागच्या तोंडातून जोराने बाहेर पडतो आणि विमान पुढे रेटले जाते. फुगवलेला फुगा हातातून सुटला म्हणजे कसा भिरभिरत पळतो, ते आठवा. तोच हा नियम.

व्हिटलने आपली योजना हवाई मंत्रालयापुढे मांडली. तेथील तज्ज्ञ ए. ए. ग्रिफिथ यांनी ती तपासली, आकडेमोडीतील एक चूक काढून दाखविली आणि योजना व्यवहार्य नाही असा निर्णय झाला. मुख्य कारण होते उष्णतेचे. पेट्रोलच्या इंजिनात आग क्षणभर भडकते व विझते. दुसऱ्या क्षणी बाहेरची थंड हवा आत येते. त्यामुळे धातूला उसंत मिळते. जेट इंजिनातील आग मात्र एकदा पेटली की इंजिन बंद होईपर्यंत विझत नाही. तिच्यापुढे फिरणारी पाती सतत तापत राहणार. त्यातच ती इतक्या वेगाने फिरणार, की गोफणीतील दगडाप्रमाणे प्रत्येक पाते बाहेर सुटू पाहणार. व्हिटलच्या पहिल्या इंजिनाचे टर्बाइन एखाद्या परातीएवढे होते व ते सेकंदाला सुमारे तीनशे फेरे घेईल अशी योजना होती. त्या वेगाला पात्यावर पडणारी ओढ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पन्नास हजार पटींहून अधिक भरते. लालभडक होऊनही एवढी ओढ सोसणारा धातू १९२९ साली कोणाजवळही नव्हता. तेव्हा तज्ज्ञांनी नकार दिला तो आकसाने नव्हे, हे ध्यानात ठेवावे. व्हिटलचे म्हणणे एवढेच होते, की आज नसलेला धातू उद्या निघेल.

त्याने जानेवारी १९३० मध्ये आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट म्हणजे शोधकाचा आपल्या शोधावरील कायदेशीर हक्क. १९३५ साली तो हक्क चालू ठेवण्यासाठी पाच पौंड भरावयाचे होते. व्हिटल त्या वेळी केंब्रिज विद्यापीठात शिकत होता; त्याच्यावर बायकामुलांचा भार होता. त्याला ते पाच पौंड परवडले नाहीत, सरकारने ते भरण्याचे नाकारले आणि हक्क गेला. त्याच सुमारास दोन जुन्या सहकाऱ्यांनी त्याला गाठले. त्यांनी पैसा उभा करण्याचे अंगावर घेतले आणि १९३६ च्या मार्चमध्ये पॉवर जेट्स नावाची लहानशी कंपनी निघाली. सुरुवातीचे भांडवल होते दोन हजार पौंड. विमानदलाने व्हिटलला या कामासाठी आठवड्यातून फक्त सहा तासांची परवानगी दिली. त्याच वर्षी तो केंब्रिजची परीक्षा पहिल्या वर्गात उतरला.

१२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी येथील कारखान्यात इंजिन प्रथम पेटविण्यात आले. आरंभी सारे ठीक चालले. मग एकाएकी इंजिनाचा आवाज वाढू लागला. व्हिटलने तेलाची झडप बंद केली, तरी वेग वाढतच राहिला. जवळची माणसे जीव घेऊन पळाली. व्हिटल मात्र जागीच उभा राहिला. पण ते धैर्याने नव्हे, भीतीने त्याचे पायच हलेनात, असे त्याने पुढे प्रांजळपणे कबूल केले. काही वेळाने इंजिन आपोआप मंदावले. शोध घेतला तेव्हा कळले, की सांडलेले तेल ज्वलनकक्षाच्या तळाशी साचले होते आणि झडप बंद झाल्यावरही तेच जळत होते.

पुढील वर्षी काम लटरवर्थ येथील एका जुन्या लोखंडी ओतशाळेत हलविण्यात आले. ६ मे १९३८ रोजी टर्बाइनची पाती तुटून इंजिनाची नासाडी झाली. नवे इंजिन घेण्यास पैसा नव्हता. जुन्याचेच शाबूत राहिलेले भाग घेऊन दुसरे उभारावे लागले.

पात्यांइतकाच छळ ज्वलनकक्षाने मांडला होता. सोसाट्याच्या वाऱ्यात काडी पेटवून पाहा. विझल्यावाचून राहणार नाही. इंजिनात तर वादळाहून वेगवान हवा वाहते, आणि तिच्यात ज्वाळा अखंड तेवत ठेवावयाची! शिवाय ज्वाळेच्या गाभ्यातील उष्णतामान दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. पोलाद पंधराशे अंशांच्या आसपासच वितळते. मग कक्षाचा पत्रा कसा टिकावा? याचे उत्तर हवेतच होते. आत येणाऱ्या हवेपैकी थोडीच हवा ज्वाळेला द्यावयाची. उरलेली बहुतेक हवा ज्वाळेच्या नळीबाहेरून न्यावयाची व नळीला पाडलेल्या भोकांतून टप्प्याटप्प्याने आत सोडावयाची. त्या हवेने पत्रा निवतो आणि शेवटी ती पेटलेल्या वायूंत मिसळून त्यांनाही निववते. अशा रीतीने व्हिटलच्या इंजिनात टर्बाइनजवळ पोहोचणारे वायू सुमारे आठशे अंशांपर्यंत खाली येत. वाचताना हे सोपे वाटते. पण किती हवा कोठे सोडावयाची हे ठरविण्यात वर्षे गेली. व्हिटल प्रथम तेलाची वाफ करून ती जाळीत असे. त्या वाफेच्या नळ्या काजळीने कोंदत आणि तापून वाकत. अखेर १९४० साली शेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील आयझॅक लबक यांनी तेलाचा बारीक फवारा उडवून जाळण्याची रचना दिली आणि ही डोकेदुखी पुष्कळशी थांबली.

त्यापूर्वी ३० जून १९३९ रोजी हवाई मंत्रालयाचे अधिकारी डेव्हिड पाय लटरवर्थला आले होते. इंजिन त्यांच्यापुढे वीस मिनिटे मोठ्या वेगाने व्यवस्थित चालले. आजवर साशंक असलेला हा गृहस्थ इतका पालटला, की तोच व्हिटलला जेट इंजिनाचे गुण समजावून सांगू लागला. उड्डाणासाठी इंजिन बनविण्याची सरकारी मागणी आली. ग्लॉस्टर कंपनीने त्यासाठी लहान विमान बांधावयास घेतले. मात्र जर्मनीने आघाडी मारली. हान्स फॉन ओहाइन या तरुण शास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे रचलेल्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ रोजी जगातील पहिले जेट विमान उडाले.

व्हिटलच्या विमानी इंजिनात ७२ पाती होती. ती चाकाच्या कडेला देवदार वृक्षाच्या आकाराच्या खाचांत बसविलेली असत. अशा खाचेत पाते घट्ट धरले जाते. शिवाय तापल्यावर फुगण्यास त्याला जागाही राहते. चाक निवावे म्हणून त्याच्याजवळ पाणी खेळविलेले असे. पुढील इंजिनात पाणी जाऊन त्याच्या जागी हवा आली. १५ मे १९४१ च्या संध्याकाळी ते विमान क्रॅनवेलच्या मैदानावर आणण्यात आले. याच क्रॅनवेलला तो मुलगा मोठ्या खटपटीने भरती झाला होता. वैमानिक गेरी सेयर याने विमान उचलले आणि सतरा मिनिटांनी सुखरूप खाली आणले. या इंजिनाला दहा तासांच्याच उड्डाणाची परवानगी होती. पुढील दोन आठवड्यांत ते तास विनातक्रार पार पडले.

आणि तो नसलेला धातू? तोही निघाला. इंग्लंडमधील धातुशास्त्रज्ञांनी निकेल व क्रोमियम यांचा निमोनिक नावाचा मिश्रधातू तयार केला. लाल होईतो तापूनही तो आपला आकार सोडीत नसे. जर्मनीला युद्धकाळात निकेलची टंचाई होती. तेथील आन्सेल्म फ्रांत्स या अभियंत्याने मग पाती पोकळ केली व त्यांतून हवा खेळविली. ती इंजिने बहुधा दहा ते पंचवीस तासांतच निकामी होत. पण कल्पना फार मोलाची ठरली. आजच्या इंजिनांत दोन्ही उपाय एकत्र आले आहेत. पाती निकेलच्या मिश्रधातूची, आतून पोकळ, आणि अंगावर बारीक छिद्रे असलेली. छिद्रांतून निघणारी हवा पात्याभोवती पातळ पांघरुणासारखी पसरते. गंमत अशी, की ही निवविणारी हवा स्वतःच कित्येक शे अंश तापलेली असते. पण दीड हजारांहून अधिक अंशांच्या वायूपुढे तीच थंड ठरते. म्हणून आजचे पाते स्वतःच्या वितळण्याच्या अंशाहून अधिक तापलेल्या वायूतही हजारो तास फिरत राहते.

या साऱ्या वर्षांत व्हिटलच्या प्रकृतीची मात्र माती झाली. पैशाची ओढाताण, रात्रीची जागरणे आणि बड्या कारखान्यांशी होणारे वाद यांनी त्याची झोप उडाली. अनेकदा त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. १९४४ साली त्याची कंपनी सरकारने ताब्यात घेतली. १९४६ साली तो तिच्यातून बाहेर पडला. १९४८ साली सरकारने त्याला एक लाख पौंडांचे पारितोषिक व सर हा किताब दिला. तोवर नव्या इंजिनांची कामे इतरांच्या हाती गेली होती.

१९७६ साली तो अमेरिकेस जाऊन राहिला व अ‍ॅनापोलिस येथील नौदलाच्या विद्यालयात शिकवू लागला. हान्स फॉन ओहाइनही तेव्हा अमेरिकेतच होता. दोघांची चांगली मैत्री जमली आणि १९९१ चे अभियांत्रिकीतील ड्रेपर पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. ऑगस्ट १९९६ मध्ये व्हिटलचे अमेरिकेत निधन झाले. त्याची रक्षा विमानाने इंग्लंडला आणून क्रॅनवेलच्या चर्चमध्ये ठेवण्यात आली.