ऑर्गनच्या भात्यावर उडालेलं विमान

होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये निदान एक तरी वैमानिक असतो. सबमिशन राहिलं तरी चालेल, पण रात्री जेवण झालं की स्वारी पीसीवर विमान उडवायला बसणार. 2003 साली आलेला मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आजही जपून ठेवणारे भक्त आहेत, कारण त्यात फुकटची विमानं टाकता येतात. झिप फाइल उतरवायची, उघडायची, विमानाचा फोल्डर उचलून ‘एअरक्राफ्ट’ फोल्डरमध्ये टाकायचा, की काम झालं असं वाटतं. विमान यादीत दिसतं, बाहेरून एकदम झकास, रंग तर विचारूच नका. आत जाऊन बसावं, तर तबकड्यांच्या जागी काळी भोकं! कारण गेजच्या फाइली वेगळ्या असतात आणि त्या ‘गेजेस’ फोल्डरमध्ये टाकायच्या राहिलेल्या असतात. कधी गेज असतात, पण ‘एअर’ फाइल भलत्याच विमानाची जोडलेली असते. मग दिसायला जम्बो आणि वळायला सेसना.

विमानाचं दिसणं वेगळं, उडणं वेगळं आणि तबकड्या वेगळ्या. एड्विन लिंक नावाच्या माणसाचं नशीब नेमकं या फरकावर फिरलं. आपल्या या खेळाचा खापरपणजोबा त्याने बनवला आणि तोही कॉम्प्युटरशिवाय, चक्क बाजाच्या भात्यावर.

लिंकचा जन्म 26 जुलै 1904 चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडिलांनी 1910 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी वाद्यं बनवणारी एक बुडीत कंपनी विकत घेतली. तिथे आपोआप वाजणारे पियानो आणि थिएटरचे ऑर्गन तयार व्हायचे. भोकं पाडलेला कागदाचा रोल फिरतो, भोकातून हवा जाते, झडप उघडते, भाता हलतो आणि सूर वाजतो. पोरगा या वातावरणात वाढला. अभ्यासात यथातथाच, हात मात्र सदैव यंत्रात. कॉलेजची पदवी त्याने कधी घेतली नाही (एचओडींनी हे वाक्य वाचू नये).

1920 मध्ये त्याने विमानाचा पहिला धडा घेतला, तो चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी याच्या कंपनीत. फी 50 डॉलर, म्हणजे तेव्हा भलतीच रक्कम. शिकवणाऱ्याने तासभर कोलांट्या मारल्या आणि पोराला दांड्याला हातसुद्धा लावू दिला नाही. पैसे गेले, शिकणं शून्य. हे त्याच्या डोक्यात बसलं असणार.

पुढे फॅक्टरीच्या तळघरात 1927 ते 1929 अशी साधारण दोन वर्षं खपून त्याने जमिनीवरचं विमान तयार केलं. लाकडी, आखूड पंखांचं, खेळण्यासारखं दिसणारं. ते एका सांध्यावर टेकवलेलं, खाली ऑर्गनचे भाते. विजेच्या मोटरवर चालणारा पंप भात्यांतली हवा ओढायचा आणि दांडा व पायातले पेडल झडपांना जोडलेले असायचे. दांडा डावीकडे केला की त्या बाजूचा भाता आकसायचा आणि विमान तिकडे कलायचं. गोल फिरवायला भात्यांचीच एक वेगळी मोटर होती. ज्यांनी पेटीचा भाता उघडून पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल.

पेटंट 1931 मध्ये मिळालं. त्याच्या नावातच विद्यार्थी वैमानिकांचं शिक्षण आणि करमणूक हे दोन्ही शब्द होते, पण गिऱ्हाईक आलं ते फक्त करमणुकीला. नाणं टाका आणि डुलून घ्या, अशी ही यंत्रं जत्रेच्या बागांमध्ये गेली. विमानविद्येतल्या मोठ्या लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यात मंदी. रात्री पंखाखाली दिवे लावून, ते पियानोसारख्या रोलने उघडझाप करवून आकाशात जाहिराती दाखवायच्या, असेही उद्योग त्याने पोटासाठी केले. 1931 मध्येच मॅरियन क्लेटनशी लग्न झालं. पुढच्या सगळ्या उलाढालीत ती बरोबरीने होती.

मग त्याने यंत्रात तबकड्या बसवल्या आणि वर झाकण टाकलं. माझ्या मते खरा शोध हाच. ढगात शिरल्यावर माणसाचा कान त्याला फसवतो. विमान वळत असतं आणि वाटतं सरळ चाललोय. तिथे अंगाला काय वाटतं ते विसरून तबकडीवर विश्वास ठेवावा लागतो आणि ही सवय हवेत लावायला गेलं तर पहिली चूकच शेवटची ठरू शकते. झाकणाखालच्या अंधारात चूक केली तर फार तर मास्तर ओरडतो. मास्तरच्या टेबलावर नकाशा असायचा आणि त्यावर खेकडा म्हणून ओळखलं जाणारं तीन चाकांचं यंत्र विद्यार्थ्याचा मार्ग शाईने काढत जायचं. त्यामुळे व्हायवाला थापा मारायची सोय नाही.

फेब्रुवारी 1934 मध्ये अमेरिकन सरकारने खाजगी कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द केली आणि काम लष्कराच्या वैमानिकांवर टाकलं. ऐन हिवाळा, रात्रीची उड्डाणं आणि तबकड्या बघून उडायचा सराव जवळपास नाहीच. काही महिन्यांत डझनभर वैमानिक मेले. तेव्हा कुठे लष्कराला लिंक आठवला. नेवार्कला भेट ठरली त्या दिवशी इतकं धुकं होतं की आता कोण येतंय, असं म्हणून अधिकारी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात लिंक तबकड्यांच्या भरवशावर विमान घेऊन उतरला. वेगळं प्रेझेंटेशन द्यायची गरजच पडली नाही. 6 यंत्रांची ऑर्डर मिळाली, प्रत्येकी साधारण साडेतीन हजार डॉलरला. दुसऱ्या महायुद्धात अशी 10,000 च्या वर यंत्रं बनली आणि पाच लाखांच्या आसपास लोक त्यांवर शिकले. गंमत म्हणजे युद्धाआधीच्या गिऱ्हाइकांत जपानही होता.

1954 मध्ये त्याने कंपनी विकली आणि समुद्रात उतरला. 1962 मध्ये त्याने बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात रॉबर्ट स्टेन्युई हा पाणबुड्या 200 फूट खोल, 24 तासांच्या वर राहिला. 1971 मध्ये ‘जॉन्सन सी लिंक’ ही छोटी पाणबुडी आली. पुढचा भाग ॲक्रिलिकचा पारदर्शक गोल, मागे पाणबुड्यांसाठी ॲल्युमिनियमची खोली.

17 जून 1973 ला फ्लोरिडाजवळ ही पाणबुडी बुडवलेल्या एका युद्धनौकेच्या तारांत अडकली. आत चौघे होते. मागच्या खोलीत लिंकचा 31 वर्षांचा मुलगा क्लेटन आणि अल्बर्ट स्टोव्हर. कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन थंडीत नीट काम करत नाही. ॲक्रिलिक उष्णता अडवतं, ॲल्युमिनियम ती पाण्याला देऊन टाकतं. पाणबुडी सुटायला दिवसाहून जास्त वेळ लागला. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले.

तेव्हा लिंक 68 वर्षांचा होता. त्याने काम सोडलं नाही. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत केबलने सोडता येईल, पाहणी करून तिला सोडवू शकेल, असं माणूसविरहित यंत्र बनवायला त्याने घेतलं आणि ते पुरंही केलं. 7 सप्टेंबर 1981 रोजी बिंगहॅम्टनमध्ये तो वारला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1980 मध्ये, ब्रूस आर्टविक नावाच्या तरुण इंजिनिअरचा फ्लाइट सिम्युलेटर ॲपल टू या घरगुती कॉम्प्युटरवर विकायला आला होता. त्यातलं विमान चार रेघांचं होतं, पण पडद्याच्या खालच्या भागात तबकड्या होत्या.