समजून घ्या : सुट्या दुधातील जंतूंचा धोका आणि ‘आरे’चे दारा खुरोडी

पाचोड (ता. पैठण) : गावोगावच्या बाजारात आणि रतिबाने आजही किटलीतले सुटे, कच्चे दूध घरी येते. ते कितपत सुरक्षित, हा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईपुढेही होता. त्यावर उपाय उभा करणारे दारा नसरवानजी खुरोडी कोण होते?

महू ते मुंबई
खुरोडी यांचा जन्म २ जानेवारी १९०६ रोजी महू येथे पारशी कुटुंबात झाला. बंगळूरच्या इम्पीरियल डेअरी संस्थेतून त्यांनी १९२५ मध्ये पदविका घेतली. पुढे खासगी आणि सरकारी संस्थांत काम केले. १९४६ ते १९५२ या काळात ते मुंबईचे दूध आयुक्त होते.

अडचण काय होती?
तेव्हा म्हशींचे तबेले दाट वस्तीत होते. शेण, माश्या, अस्वच्छ भांडी आणि दुधात मिसळलेले पाणी यांतून जंतू थेट ग्राहकापर्यंत जात. उबदार हवेत काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एका जिवाणूचे तीन तासांत पाचशेहून अधिक! वरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या कच्च्या दुधातूनही क्षय किंवा ब्रुसेलोसिस होऊ शकतो.

खुरोडींनी काय केले?
त्यांनी सुरुवात गोठ्यापासून केली. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली आणि शहरातील हजारो म्हशी तेथे हलवण्यात आल्या. तेथील डेअरीचे उद्घाटन ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंनी केले. दूध पाश्चराइज करून, थंड करून, बंद बाटलीतून केंद्रांवर जाऊ लागले. पाश्चरायझेशन म्हणजे दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे तापवून लगेच थंड करणे. गरिबांना परवडावे म्हणून स्निग्धांश कमी केलेले दूधही आले. त्याला ‘टोन्ड’ हे नाव देण्याचे श्रेय खुरोडींना दिले जाते.

मतभेद आणि सन्मान
‘अमूल’चे वर्गीज कुरियन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद होते. तरीही १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना एकत्र मिळाला. १९६४ मध्ये खुरोडींना पद्मभूषण मिळाले. १ जानेवारी १९८३ रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय लक्षात ठेवावे?
गोठा, भांडे, पाणी आणि थंडावा यांपैकी एक कडी तुटली तरी दूध बिघडते, हे आरेच्या कामातून दिसले. सुट्या दुधाच्या बाबतीत शेवटची कडी म्हणजे आपले स्वयंपाकघर.

- दूध घरी येताच ढवळत उकळी आणावी, झाकून निववावे आणि फ्रिजमध्ये ठेवावे.
- धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून लहान मुले, गरोदर महिला आणि वृद्धांना कच्चे देऊ नये.
- उकळल्याने रोगजंतू मरतात. भेसळीची रसायने मात्र जात नाहीत.